म्हाताऱ्या बाईचा मान कशावर उभा असतो?

एका वाचकाने विचारले आहे की, आईला दैवत मानणाऱ्या आपल्या समाजात वृद्ध स्त्रियांची अवस्था वृद्ध पुरुषांपेक्षा वेगळी का दिसते, आणि तिला संस्कृती जबाबदार आहे की निव्वळ गरिबी. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या काही तालुक्यांत ज्येष्ठ स्त्रियांच्या वारसा, निर्वाह आणि निराधार अनुदानाच्या प्रकरणांत मी अनेक वर्षे कायदेविषयक मदतीचे काम करते आहे. उत्तर त्या कामाच्या आधारे देते. ते मुख्यतः ग्रामीण हिंदू कुटुंबांपुरते आहे, कारण वारसाकायदा धर्माप्रमाणे आणि काही ठिकाणी राज्याप्रमाणेही बदलतो.

आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला मान नाही, असे मी म्हणणार नाही. लग्नघरात तिच्या पाया पडल्याशिवाय नवरानवरी निघत नाहीत आणि कुळाचार कसा करायचा हे तिलाच विचारले जाते. परंतु हा मान दोन गोष्टींवर उभा असतो: तिचा नवरा हयात असणे आणि तिचे हातपाय चालत असणे. पुरुषाचा मान बहुतेक वेळा जमिनीवर, घरावर किंवा पेन्शनवर उभा असतो, म्हणजे वयाबरोबर झिजत नाही अशा गोष्टींवर. त्यामुळे सत्तरीच्या आसपास नवराही जातो आणि गुडघेही थकतात, तेव्हा बाईचे दोन्ही आधार एकाच वेळी निखळतात. गरिबीमुळे हे लवकर आणि उघड घडते, सुबत्तेत उशिरा आणि झाकून घडते.

नवऱ्याच्या आधाराचेच आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा असतात, तर त्याच वयाच्या पुरुषांमध्ये पत्नी गमावलेले पाचात एकही भरत नाहीत. स्त्रिया थोड्या जास्त जगतात हे यामागचे एक कारण आहे. दुसरे कारण आपल्या लग्नाच्या रीतीत आहे. आज सत्तरीत असलेल्या बायकांची लग्ने पंधराव्या-सोळाव्या वर्षी, पाच-सात वर्षांनी मोठ्या मुलाशी लागलेली आहेत, आणि तरुणपणी बायको वारलेल्या पुरुषाचे दुसरे लग्न वर्षाच्या आत लावून देण्यात कोणाला काही गैर वाटत नसे. वयातला तो फरक शेवटी बाईच्या वैधव्यात जमा होतो. म्हणजे तिने पुढे एकटे राहावे याची तजवीज तिच्या लग्नाच्या दिवशीच झालेली असते.

वैधव्याचा अर्थ सर्व समाजांत सारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. केशवपन ही प्रामुख्याने ब्राह्मण कुटुंबांतली रूढी होती, आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन ही विधवांसाठीची शाळा काढली तेव्हा त्यांच्यापुढे याच वर्गातल्या कोवळ्या विधवा होत्या. शेतकरी आणि कारागीर जातींपैकी अनेकांत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचा पुनर्विवाह करण्याची, मोकळीक होती. पुढे प्रतिष्ठा वाढली तशी यांतल्या काही घराण्यांनी पाट बंद केला आणि कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे मात्र ठेवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्यानंतर मी ज्या गावांतल्या बैठकांना गेले, तिथे तरुण सुना आणि सरपंच ठरावाच्या बाजूने होते. आडवे आले ते काही पुरुष, आणि त्यांच्याइतक्याच म्हाताऱ्या विधवाही. ‘आमचं सगळं काढून घेतलं तेव्हा कुठं होता तुम्ही?’ असे त्यांच्यापैकी एकीने सर्वांसमोर विचारले. तिच्या विरोधाला मी मागासलेपणा म्हणणार नाही. जी किंमत तिने चाळीस वर्षे मोजली, ती मोजण्याची काही गरजच नव्हती, हे सत्तराव्या वर्षी मान्य करणे तिला जड जात होते.

तरीही माझ्या मते कुंकू-बांगड्यांवर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहावा हिस्साही सातबाऱ्यावर होत नाही, आणि म्हातारपणाचा निकाल तिथे लागतो. हिंदू वारसा कायदा १९५६ पासून लागू आहे. पतीने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या मालमत्तेत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई, असे सर्व पहिल्या वर्गाचे वारस ठरतात आणि त्यांचे हिस्से समान असतात. स्त्रीला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. कागदावर हे सारे स्पष्ट आहे.

व्यवहारात काय होते, ते फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, उघडली की कळते. बाप वारला की थोरल्या मुलाचे नाव कब्जेदार, म्हणजे जमिनीचा धारक, म्हणून लागते, त्यापुढे पूर्वी ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असे लिहीत, आणि आई व बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात. पुष्कळ म्हाताऱ्या बायकांना आपले नाव उताऱ्यावर आहे एवढेच माहीत असते. ते कोणत्या रकान्यात आहे आणि त्याने काय फरक पडतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी महसूल विभागाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली, तेव्हा बापाच्या मृत्यूला पंचवीस वर्षे होऊनही आईची नोंदच झालेली नाही, अशी घरे आमच्यासमोर रांगेने आली.

पुढची पायरी हक्कसोडपत्राची, म्हणजे वारसाहिस्सा सोडून दिल्याच्या दस्ताची. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या ओसरीत हे दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. भावाने गाडी करून तीन बहिणींना आणलेले असते. बहिणी साठीच्या आसपासच्या, नेसत्या पातळांना घडीच्या खुणा, कारण ती ठेवणीतली. दस्तलेखक मजकूर भराभर वाचून दाखवतो, ‘स्वखुशीने’ या शब्दापाशी क्षणभरही थांबत नाही, आणि अंगठ्याचे यंत्र पुढे सरकवतो. परतताना भाऊ सर्वांना हॉटेलात जेवू घालतो आणि एकेक साडी देतो. मी विचारले की उत्तर ठरलेले असते: माहेर तुटायला नको. त्या हिशेबात तथ्य आहे, हे शहरातल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. सासरी मारहाण झाली, लेकीचे लग्न निघाले, आजारपण आले, तर उभे राहायला भावाचा उंबरा हा एकच हक्काचा उंबरा तिला ठाऊक असतो, आणि दोन एकरांतला वाटा मागून तो बंद झाला तर कोर्टाचा निकाल तिच्या हयातीत लागेल याची शाश्वती नसते. ती भाबडी नसते. विम्याचा हप्ता भरावा तशी ती जमीन भरते. अडचण एवढीच की भाऊ वारला आणि भाचे कारभारी झाले की या विम्याची मुदत संपते, आणि ते नेमके तिच्या म्हातारपणी होते.

बहिणींच्या जोडीने आईचीही सही घेतली जाते, हे मला अधिक गंभीर वाटते. बहिणींना निदान सासर असते. आईने पतीच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडला की ती त्याच घरात, त्याच चुलीपाशी, पण मालकीण म्हणून उरत नाही. त्यानंतर तिच्या वाट्याला येते ती पाळी. मुलगे वेगळे निघाले की आईवडिलांची वाटणी होते. दोघे हयात असतील तर पुष्कळदा आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे जातो. आई एकटी असेल तर ती महिन्या-महिन्याने फिरते. तिच्याबरोबर पत्र्याची पेटी, गोधडी आणि औषधांची पिशवी फिरते. रेशनकार्डावर तिचे नाव एकाच मुलाकडे असते, त्यामुळे दुसऱ्याच्या घरी तिचे धान्य मोजले जात नाही आणि जावाजावांत त्यावरून कुरबूर चालते. ज्याच्या पाळीत ती पडली त्याने दवाखान्याचा खर्च करायचा, असा अलिखित नियम असल्याने दुखणे पुढच्या पहिल्या तारखेपर्यंत अंगावर काढायला लावले जाते. मोतीबिंदूचे ऑपरेशन एवढ्या एका कारणाने दोन वर्षे रखडलेले मी पाहिले आहे. मुलगे वाईट होते असे नाही; तीन घरांत मिळून तिला स्वतःचे घर नव्हते. एका गावात मात्र एका विधवेच्या नावावर एक एकर वेगळी लागलेली होती आणि तिने ती शेवटपर्यंत कोणालाही लिहून दिली नाही. तिला नेण्यासाठी मुलांमध्ये चढाओढ असे. प्रेमापोटी की एकरापोटी, असे कोणी विचारील. ज्या बाईला वेळेवर जेवण आणि औषध मिळत होते तिला हा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही.

गोव्याचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि पत्नी तिच्या अर्ध्या हिश्श्याची मालक असते. म्हणजे विधवा झाल्यावर तिला वारस म्हणून कोणाच्या तोंडाकडे पाहण्याआधीच अर्धे तिचे असते. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारा प्रयत्न म्हणजे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती चळवळ. तिच्यामुळे अनेक गावांत पतींनी स्वतः होऊन पत्नीच्या नावे जमीन केली, आणि १९९२ मध्ये शासनाने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ही सोय आजही तलाठ्याला विचारावी; विचारणारे फार थोडे आहेत.

दुसरा आधार कामाचा. म्हातारा पुरुष पारावर बसला तर त्याचे वय झाले असे म्हणतात. म्हातारी बसली तर ती घराला जड झाली असे म्हणतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात हे सर्वांत उघडे दिसते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडण्यासाठी कारखान्यांवर निघून जातात आणि मागे गावात नातवंडे घेऊन म्हाताऱ्या उरतात. पुढचे पाच-सहा महिने शाळेचा डबा, शेळ्या, पाणी भरणे आणि वयात आलेल्या नातीची राखण हे सारे त्यांच्यावर असते. या श्रमाला उचल नाही, मजुरी नाही, आणि त्याची नोंदही कुठे नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी स्वतः आयुष्यभर मोळ्या वाहून आलेल्या असतात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासकीय समितीमार्फत पाहणी झाली, तेव्हा ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढल्याचे आढळले, आणि त्यांत पस्तिशी-चाळिशीच्या आतल्याही होत्या. लहान वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढलेल्या बाईची हाडे लवकर ठिसूळ होतात. पन्नाशीतली बाई सत्तरीची दिसते त्यामागे हेही आहे, पण तिच्या आधार कार्डावर ती पन्नासचीच असल्याने म्हातारपणाच्या अनुदानासाठी तिला आणखी पंधरा वर्षे थांबावे लागते.

अनुदानाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण रूढीचे गृहीतक सरकारी नियमात कसे उतरते ते इथे दिसते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांपुढील निराधारांसाठी आहे; २०२३ पासून तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार रुपयांवर ठेवलेली आहे, आणि कुटुंब म्हणजे मुलगाही. जो मुलगा आईला पाहत नाही त्याचेच उत्पन्न तिला अपात्र ठरवते. मुलगा आहे म्हणजे तो सांभाळतो, असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे. याच्या शेजारी २०२४ ची लाडकी बहीण योजना ठेवून पाहावी: तिचे वय २१ ते ६५, रक्कम तेवढीच, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पासष्ट पूर्ण झाले की बाई त्या यादीतून बाहेर पडते आणि दुसऱ्या दारात तिला एकवीस हजारांचा उंबरा आडवा येतो. वय वाढले म्हणून गरज कमी झाली, असा विचार कोणी केला असेल असे मला वाटत नाही. दोन योजना एकमेकींकडे न पाहता आखल्या गेल्या.

कागदांचे हाल वेगळेच. आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत असत. ताटातल्या तांदळात नवऱ्याने ते बोटाने लिहायचे. हौसेचा तो कार्यक्रम पन्नास वर्षांनी असा भोवतो की माहेरच्या सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसऱ्या धाटणीचे स्पेलिंग, आणि या तिन्ही एकच बाई आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र. वयाचा दाखला नसल्याने आधारवर जन्मवर्ष अंदाजाने घातलेले असते आणि मोठ्या बहिणीचे वय धाकटीपेक्षा कमी भरते. शिवाय अंगठा उमटत नाही. कापूस वेचून, भांडी घासून आणि शेण थापून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. गावात पैसे काढून देणारा माणूस यंत्र पुढे करतो, ती पदराने बोट पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसरे बोट, मग दुसरा हात, आणि शेवटी ‘आज्जी, उद्या या’. बरोबर आलेला नातू किंवा पुतण्या पैसे उचलतो तेव्हा दीड हजारातले दोनशे वाटेतच कमी होतात. बाया ते बोलून दाखवत नाहीत. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, पण काळ सोकावतो; पहिल्या वेळेला खडसावणारे कोणी नसले की पासबुकच त्या माणसाच्या खिशात राहू लागते.

कायद्याचा उपयोग होतो का, असेही विचारले जाते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ प्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो आणि महिना १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक तिची मिळकत घेणार आहे त्याच्याकडूनही तो मागता येतो. जबाबदारी मुलग्यांइतकीच मुलींचीही आहे. विवाहित मुलीलाही वडिलांना पोसण्याची जबाबदारी टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितले. तरीही बाया अर्ज करायला कचरतात, कारण पोटच्या पोरावर केस घालणारी आई गावात तोंडावर पडते. बापाने केस घातली तर लोक मुलाला नावे ठेवतात. मुलीकडे राहायलाही त्या संकोचतात. जावयाच्या दारात राहणे त्यांना कमीपणाचे वाटते, आणि ज्या राहतात त्या शेजाऱ्यांना ‘चार दिवसांसाठी आले’ असे वर्षभर सांगत असतात. अलीकडे मात्र एक बदल मला ठळक दिसतो: आमच्याकडे म्हातारीला घेऊन येणारी व्यक्ती बहुतेक वेळा तिची मुलगी असते, तीच जिने दहा वर्षांपूर्वी हक्कसोड केलेली असते.

या कायद्याचे कलम २३ विशेष कामाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत लिहून दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर तो दस्त रद्द होऊ शकतो. दस्तात किंवा त्यासोबत तशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित या आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने, उदारपणे लावला. उदार अर्थाच्या भरवशावर राहण्यापेक्षा बक्षीसपत्रात ‘अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार’ हे शब्द घालायला लावणे सोपे असते.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांत आणखी एक तिढा असतो. मुलगा गेल्यावर त्याची आई आणि त्याची बायको दोघीही पहिल्या वर्गाच्या वारस असतात, आणि शासनाच्या एक लाखाच्या मदतीवरून, पाठोपाठ जमिनीवरून, दोन विधवा एकमेकींसमोर उभ्या राहतात. त्यांना भांडवणारा बहुधा एखादा दीर असतो. अशा वेळी आम्ही दोघींची नोंद एकाच फेरफारात घ्यायला लावतो आणि मगच बोलणी सुरू करतो.

संस्कृतीने केवळ काढून घेतले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. आषाढीच्या वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायकांत साठीपुढच्या विधवा भरपूर असतात. ज्या बाईला बाजाराला जातानाही कोणाला तरी विचारावे लागले, ती आळंदीहून पंढरपूरपर्यंत दिंडीबरोबर चालत जाते आणि तिला कोणी अडवत नाही. हळदीकुंकवाला जिला बोलावत नाहीत तिला भजनी मंडळात टाळ मिळतो. मधल्या दिवसांत घर तिच्यावाचून चालते, हेही घराला कळते. एसटीत पंचाहत्तरीपुढे मोफत आणि त्याआधी अर्ध्या तिकिटाची सोय झाल्यापासून लेकीच्या गावाला एकटीने जाणाऱ्या म्हाताऱ्या वाढल्या आहेत. फार मोठी योजना नव्हे, पण पाळीच्या बाहेर पडायला एवढेही पुरते.

शहरांबाबत थोडक्यात. पुण्या-मुंबईत प्रश्न सदनिकेचा असतो. सोसायटीत नामनिर्देशन झाले म्हणजे मालकी मिळाली, हा समज चुकीचा आहे, आणि पतीने मृत्युपत्र न केल्यास विधवेला पुनर्विकासाच्या वेळी परदेशातल्या मुलांच्या सह्यांसाठी थांबावे लागते. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत सहा-सहा महिने राहणारी आजी आणि बीडमध्ये नातवंडे राखणारी आजी यांच्या सुखसोयींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांच्या श्रमाचा हिशेब मात्र दोन्हीकडे मांडला जात नाही.

प्रश्नकर्त्याच्या घरात वृद्ध स्त्री असेल तर तीन कागद याच महिन्यात पाहावेत. पहिला, घराचा किंवा जमिनीचा उतारा: तिचे नाव कब्जेदारांत आहे की इतर हक्कांत. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून आजही अर्ज करता येतो. दुसरा, तिचे स्वतःचे बँक खाते, ज्याचे पासबुक तिच्याच पेटीत असेल. बोट उमटत नसेल तर आधार केंद्रात ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत करून घ्यावी. तिसरा, तिने आजवर सही किंवा अंगठा दिलेला प्रत्येक दस्त. त्याची सूची दुय्यम निबंधक कार्यालयात शोधता येते, आणि एखादे हक्कसोडपत्र अजून नोंदवायचे राहिले असेल तर ते तिथेच थांबवावे.